कैद्याने वेडाचा बचाव घेतला तर कोर्ट नेमकं काय पाहतं?

कोर्टाच्या आवारात खुनाच्या खटल्याची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "काही नाही, वेड्याचं सोंग घेईल नि सुटेल." गुन्हा तुरुंगातच घडला असेल तर हे वाक्य आणखी ठामपणे येतं. आधीच आत बसलेला माणूस, त्याचं आणखी काय जाणार, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. वेडाचा बचाव कोर्टात टिकवणं बाहेरच्या माणसालाच जड जातं, आतल्याला त्याहून जड. आणि टिकला तरी 'सुटणं' म्हणजे आपण समजतो ते सुटणं नसतं.

समजा, चोपड्याकडचा एक तिशीतला माणूस चोरीच्या गुन्ह्यात जळगावच्या कारागृहात आहे. खटला अजून उभा राहायचाय, म्हणजे कच्चा कैदी. तीन आठवडे तो रात्री झोपत नाही. भाजीत कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणून थाळी परत करतो. भिंतीकडे तोंड करून बोलत बसतो. बराकीतले बाकीचे आधी हसतात, मग कंटाळतात, मग आपलं अंथरूण त्याच्यापासून लांब टाकतात. एका पहाटे गिनतीच्या आधी तो शेजारी झोपलेल्या कैद्याच्या डोक्यात लोखंडी बादली घालतो. तो कैदी मरतो. हा प्रसंग मी रचलेला आहे, पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून.

या माणसावर खुनाचा गुन्हा दाखल होणार हे उघड आहे. त्याचा वकील कोणत्या कलमावर बोट ठेवेल? पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 84 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम 22 झालं. मजकूर जवळपास तोच राहिला. कृत्य करतेवेळी मनाच्या विकलतेमुळे ज्याला आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, किंवा आपण करतोय ते गैर किंवा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमता नव्हती, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही.

यात दोन वेगळ्या वाटा आहेत. आपल्या कैद्याला अंधारात शेजारचा माणूस दिसलाच नाही, अंगावर येणारं जनावर दिसलं, तर तो पहिल्या वाटेने जातो. त्याला माणूस दिसला, बादलीने तो मरेल हेही कळलं, पण आजारामुळे त्याची पक्की खात्री होती की हाच माणूस रोज आपल्याला विष घालतोय आणि आज आपण मारलं नाही तर तो आपल्याला मारणार, तर दुसऱ्या वाटेचा विचार होतो. 'राग आवरला नाही', 'डोकं फिरलं', 'मला काहीच आठवत नाही' ही वाक्यं यापैकी कुठल्याच वाटेवर नेत नाहीत. संतापाच्या भरात केलेल्या खुनालाही सवलती आहेत, पण त्यांचा कायदा निराळा.

या नियमाचं मूळ इंग्लंडात आहे. 1843 साली डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी टोरी पक्षाचे लोक आपला छळ करतायत असा त्याचा भ्रम होता. ज्युरीने त्याला निर्दोष सोडल्यावर मोठा गदारोळ झाला आणि न्यायाधीशांना नियम लेखी सांगावा लागला. 1860 साली आपली दंड संहिता झाली तेव्हा साधारण तोच नियम इकडे आला, आणि दीडशे वर्षांत मानसोपचारशास्त्र कुठल्या कुठे गेलं तरी तो तसाच आहे. मला हे खटकतं, पण कोर्टात उभं राहायचं तर आहे त्या नियमावरच उभं राहावं लागतं.

नियमातला कळीचा भाग आहे 'कृत्य करतेवेळी'. त्याआधी दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, नंतर सहा महिने दवाखान्यात होता, हे सगळं उपयोगाचं, पण उत्तर द्यायचं आहे ते त्या पहाटेचं. स्किझोफ्रेनिया असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र एवढ्यानेही भागत नाही. वैद्यकीय दृष्ट्या आजारी असणं वेगळं आणि कायद्याच्या दृष्टीने विकल असणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय, 2011 च्या सुरेंद्र मिश्रा खटल्यातही. आजार असलेला माणूसही दिवसातला बराच वेळ हिशेबाने वागू शकतो.

सिद्ध कुणी करायचं? आरोपीने. प्रत्येक माणूस शहाणा आहे असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं असं म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम 105, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 108. पण हा भार सरकार पक्षाइतका जड नाही. 1964 च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची उकल केली, आणि ती प्रत्येक बचाव वकिलाला पाठ असते. आरोपीला 'नि:संशय' सिद्ध करावं लागत नाही. असं असण्याची शक्यता अधिक आहे, इतपत दाखवलं तरी पुरतं. आणि तेवढंही जमलं नाही, पण त्याने आणलेल्या पुराव्यामुळे खुनाचा हेतू होता की नव्हता याबद्दलच कोर्टाला रास्त शंका आली, तर त्या शंकेचा फायदा त्यालाच. कारण हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावरून कधीच उतरत नाही.

बाहेरच्या खुणा आत चालत नाहीत

मनाच्या आत डोकावायचं यंत्र नसल्यामुळे कोर्ट वागण्यावरून अंदाज बांधतं: घटनेआधीचं, घटनेच्या वेळचं, नंतरचं. रतनलाल खटला आठवतो, 1970 चा, मध्य प्रदेशातला. दुसऱ्याच्या खळ्यातलं गवत पेटवताना माणूस पकडला गेला. का जाळलंस विचारलं तर म्हणाला, मी जाळलं, काय करायचं ते करा. पळाला नाही, लपवलं नाही. त्याच्या मानसिक आजाराचा पुरावाही होता. तो निर्दोष सुटला. आपल्या राज्यातला एक खटला 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला: एका पोलीस शिपायाने दिवसाढवळ्या घरात बायकोच्या डोक्यात दगड घातला होता. कोर्टाने त्याचा आधीचा मानसोपचार पाहिला, वडिलांनाही तसाच आजार होता हे पाहिलं, अटकेनंतर त्याला वारंवार दवाखान्यात न्यावं लागलं हे पाहिलं, त्याने पळायचा किंवा पुरावा लपवायचा प्रयत्न केला नाही हेही पाहिलं. खालच्या कोर्टांनी दिलेली शिक्षा रद्द झाली.

आता हीच मोजपट्टी बराकीत लावून बघा. 'तो पळाला नाही' ही बाहेर मोठी खूण आहे. आत पळणार कुठे? दाराला कुलूप आहे. मेलेल्याच्या शेजारी बसून राहिला यातून आत काहीच निघत नाही. 'हत्यार लपवलं नाही' हेही तसंच, कारण पन्नास जण बघतायत.

उलट काही खुणा आत जास्त बोलतात. चमचा दहा दिवस फरशीवर घासून धार लावली असेल, तर ती तयारी आहे आणि बचाव तिथेच लंगडा होतो. हाताला येईल ती बादली उचलली असेल तर चित्र वेगळं. दोघांत आधी कुरबूर होती का, मेलेला माणूस विरुद्ध टोळीचा होता का, हल्ल्याआधी कुणाशी खलबत झालं का? तुरुंगातल्या मारामाऱ्यांना बहुतेक वेळा कारण असतं: विडी, उधारी, बाहेरचं जुनं वैर. कारण सापडलं की वेडाचा बचाव मागे पडतो. कारणच सापडत नाही, तेव्हा कोर्ट कान टवकारतं. पण निव्वळ हेतू न सापडणं हाही वेडाचा पुरावा होत नाही.

मग साक्षीदार. बाहेर घडलं असतं तर आई सांगते, "मन्हा पोऱ्या येडा व्हई गया." शेजारी सांगतो, हा रात्री उठून शेतात जायचा. गावचा पोलीस पाटील सांगतो. आतल्या तीन आठवड्यांचं आई काय सांगणार? तिला आठवड्यातून एकदा मुलाखतीत, जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडे काही मिनिटं पोरगा दिसतो. पाहिलेलं असतं ते बराकीतल्या कैद्यांनी, आणि ते साक्षीला उभे राहिले की सरकारी वकिलाचा पहिला प्रश्न त्यांच्यावरच्या गुन्ह्यांचा असतो. काही जण तोवर जामिनावर गेलेले, पत्ता लागत नाही.

राहतो कागद. तुरुंगात कागद मात्र भरपूर असतो, आणि आतल्या माणसाच्या बाजूने असलेली ही एकमेव गोष्ट आहे. दाखल होताना झालेली तपासणी, दवाखान्याचं रजिस्टर, औषधवाटपाची नोंद, बराक बदलली असेल तर तो हुकूम, बाहेरच्या सरकारी रुग्णालयात नेल्याचा केसपेपर, तुरुंगशिस्त मोडली म्हणून आधी झालेली शिक्षा. जेवण नाकारल्याची नोंद वाचणाऱ्याला शिस्तभंग वाटते. त्याच महिन्याच्या झोपेच्या गोळीच्या नोंदीशेजारी ठेवली की तीच नोंद आजाराचं लक्षण वाटायला लागते. हे सगळं तुरुंगाच्या ताब्यात असतं, म्हणून वकिलाने पहिल्या तारखेलाच ते जपून ठेवण्याचा आणि कोर्टात मागवण्याचा अर्ज द्यायला हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 रुग्णाला स्वतःच्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क देतो. कैदी झाला म्हणून तो हक्क जात नाही.

एका ओळीपासून मात्र सांभाळून. हल्ल्यानंतर काही तासांत आरोपीला जखमा बघायला डॉक्टरसमोर उभं करतात. गर्दी असते, रिवाजाप्रमाणे कागदावर लिहिलं जातं, 'कॉन्शस, ओरिएंटेड'. म्हणजे शुद्धीवर आहे, कुठे आहे ते कळतंय. डॉक्टर जखमा बघत होता, मन नाही. पण तीन वर्षांनी हीच ओळ सरकारी वकील मोठ्याने वाचून दाखवतो. ती खोडायची तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडून वेगळी तपासणी झालेली असावी लागते. वर्षाने तपासणारा तज्ज्ञ आज काय आहे ते सांगेल; त्या पहाटेबद्दल त्याला तर्कच करावा लागेल.

इथे 2007 चा बापू ऊर्फ गुजराजसिंग खटला कामी येतो. आरोपीचा बचाव फेटाळला गेला तरी कोर्टाने त्यात तपास अधिकाऱ्याला एक कर्तव्य सांगून ठेवलंय: तपासात वेडाचा पूर्वेतिहास समोर आला तर लगेच वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवायचा. तसं केलं नाही तर सरकार पक्षाच्या केसमध्ये गंभीर उणीव राहते आणि तिचा फायदा आरोपीला मिळू शकतो. बाहेरच्या गुन्ह्यात पोलीस म्हणू शकतात, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आतल्या माणसाच्या बाबतीत इतिहास सरकारच्याच कपाटात असतो.

दारू सुटते तेव्हा

खानदेशातल्या तुरुंगांच्या संदर्भात एका गोष्टीवर मुद्दाम थांबतो, कारण ती वकिलांच्याही नजरेतून निसटते. रोज सकाळपासून पिणारा माणूस, मग ती मोहाची असो की देशी, अटक झाली की एका दिवसात कोरडा होतो. पहिला दिवस हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. साधारण दोन ते तीन दिवसांनी काहींना भ्रम सुरू होतात: अंगावर किडे फिरतायत, भिंतीतून माणसं येतायत, पोलीस मारायला आलेत. वेळकाळ कळत नाही, ओळखीचा चेहरा ओळखू येत नाही, रात्री सगळं वाढतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हा जिवावर बेतणारा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. आता कोठडीतले दोन-तीन दिवस आणि मग तुरुंगातली पहिली रात्र असा क्रम लावून बघा. नेमक्या याच वेळी तो अनोळखी माणसांनी भरलेल्या बराकीत असतो.

अशा रात्री त्याने कुणाला मारलं तर? 'दारुडा होता, त्याची काय दया' हे सोपं उत्तर. कायदा तितका सोपा नाही. स्वतःहून प्यायलेली दारू ही सबब होत नाही. न्याय संहितेचं कलम 23 फक्त त्याला सोडतं ज्याला नकळत किंवा जबरीने पाजली. पण आपला माणूस त्या रात्री नशेत नव्हता. उलट दारू नव्हती म्हणून त्याचं मन बिघडलं होतं. 1881 साली इंग्लंडमध्ये डेव्हिस खटल्यात न्यायमूर्ती स्टीफन यांनी हाच फरक केला: दारू प्यायलेला असणं वेगळं, आणि दारूने जडलेल्या आजारात भान जाणं वेगळं, दुसऱ्या प्रकारात वेडाचा बचाव घेता येतो. हे तेच स्टीफन, ज्यांनी 1872 चा आपला पुरावा कायदा लिहिला. इंग्लंडचा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण तर्क तोच राहतो. म्हणून अटकेच्या वेळी 'हा रोज किती पितो' हा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवणं महत्त्वाचं. त्यातून जीवही वाचतो आणि पुढे कोर्टात खरं काय झालं तेही कळतं.

अंधश्रद्धेचं काय, असाही प्रश्न आपल्याकडे येतोच. सातपुड्यातल्या पाड्यांवर एखादीला डाकीण ठरवून मारल्याच्या घटना घडल्या आहेत. मारणाऱ्याची खात्री असते की तिनेच मूल खाल्लं. ही खात्री भ्रमासारखी दिसते, पण भगतापासून शेजाऱ्यापर्यंत सगळा पाडा तेच मानत असेल तर ती त्या माणसाच्या मनाची विकलता म्हणता येणार नाही. आपण बेकायदा काहीतरी करतोय हेही त्याला बहुधा कळत असतं, म्हणून तर रात्री जातात. याच्या उलट, पाड्यावर कुणीच तसं मानत नाही आणि एकट्या त्यालाच महिन्याभरापासून बराकीतला प्रत्येक माणूस डाकिणीचा हस्तक दिसतोय, तर डॉक्टरला बोलवायला हवं. आणि डॉक्टरसोबत दुभाष्यालाही. फक्त पावरी किंवा भिली बोलणारा माणूस मराठीतल्या प्रश्नांना गप्प बसला की कागदावर 'सहकार्य करत नाही' असं येतं. ते गप्प बसणं आजाराचं आहे, भीतीचं आहे, की भाषेचं, हे त्या कागदावरून कळत नाही.

खटला चालवण्याइतकं भान आहे का?

इथवर प्रश्न त्या पहाटेचा होता. कोर्ट आणखी एक प्रश्न विचारतं आणि लोक या दोन्हींचा घोळ करतात: आज, खटला चालू असताना, या माणसाला स्वतःचा बचाव करता येतोय का? साक्षीदार काय म्हणतोय ते कळतंय का, वकिलाला काही सांगता येतंय का? गुन्ह्याच्या वेळी पूर्ण शुद्धीत असलेला माणूस वर्षभर तुरुंगात राहून आजारी पडू शकतो. तेव्हा कलम 22 चा काहीच उपयोग नाही, पण खटलाही पुढे रेटता येत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 367 ते 378 याबद्दल आहेत. न्यायाधीशाला शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सक आणि मानसोपचारतज्ज्ञ तपासतात, त्यांच्या अहवालावर हरकत असेल तर वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. सरकार पक्षाच्या कागदांतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट वाट न पाहता त्याला सोडून देऊ शकतं. एरवी खटला थांबतो. भरती करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक बाहेरून उपचार करून घेण्याची व काळजीची हमी देत असतील तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, सोडता येतं. नाहीतर जिथे नियमित उपचार मिळतील अशा जागी ठेवायचं.

आता ती जागा शोधा. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, पण दीर्घकाळ ठेवून निरीक्षण करायचं तर माणूस शेकडो किलोमीटर न्यावा लागतो, त्यासाठी पोलीस गार्ड लागतो, आणि गार्ड मिळाला नाही की तारीख पडते. धडगावच्या बापाला तर जळगावची तारीखच जड जाते. ठाण्याला तो भेटायला जाणार कधी?

थांबलेला खटला विसरला गेला तर काय होतं, त्याचं सर्वांत भयानक उदाहरण आसामचं आहे. माचांग लालुंग यांना 1951 मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 सालीच ते बरे झाल्याचं रुग्णालयाने कळवलं होतं. बाहेर आले 2005 मध्ये, 54 वर्षांनी. खटला चाललाच नाही. त्याआधी 1982 साली वीणा सेठी प्रकरणात हजारीबागच्या तुरुंगातले असेच कैदी सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. वेड बरं झालं तरी कित्येक वर्षं कुणी दार उघडलं नव्हतं. वेड्याचं सोंग घेऊन सुटतात म्हणणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं एकदा वाचावीत.

निर्दोष ठरला, पुढे?

समजा आपल्या चोपड्याच्या कैद्याचा बचाव मान्य झाला. सुरक्षा संहितेच्या कलम 373 प्रमाणे निकालात न्यायाधीशाला स्पष्ट लिहावं लागतं की त्याने ते कृत्य केलं होतं की नव्हतं. केलं होतं असं लिहिलं की कलम 374 लागू होतं: सुरक्षित ठिकाणी ठेवायचं, किंवा नातेवाइकांनी हमी दिली तर त्यांच्या ताब्यात द्यायचं. किती दिवस, ते ठरलेलं नसतं. मुदतीच्या शिक्षेला निदान शेवटची तारीख असते. सुटका व्हायची तर तो स्वतःला किंवा इतरांना धोका नाही असा अहवाल लागतो. घरचे न्यायला तयार नसतील तर बरा माणूसही अडकतो, आणि बराकीत खून केलेल्या पोराला घरी नेताना घरच्यांचे पायही अडखळतात. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

शिवाय चोरीची केस आहेच. तिच्यात तो शहाणा होता, तर ती त्याच्या गतीने चालणार. आधीच शिक्षा भोगत असलेल्या पक्क्या कैद्याचंही तेच: दुसऱ्या गुन्ह्यात निर्दोष ठरल्याने पहिली शिक्षा पुसली जात नाही. दिलासा एवढाच की 1900 च्या कैद्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे शिक्षेच्या काळात मनोरुग्णालयात काढलेले दिवस शिक्षेतच धरले जातात.

जन्मठेपेच्या कैद्याने आत खून केला तर पूर्वी भयंकर स्थिती होती. दंड संहितेच्या कलम 303 प्रमाणे अशा खुनाला फाशी हीच एक शिक्षा होती. तुरुंग कर्मचाऱ्यांवर हल्ले होऊ नयेत म्हणून ते कलम होतं. वेडाचा बचाव पूर्ण टिकला नाही पण माणूस आजारी होता हे दिसतंय, अशा वेळी न्यायाधीशाला हात आखडता घ्यायची सोयच नव्हती. 1983 साली मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. आता न्याय संहितेच्या कलम 104 मध्ये फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप असा पर्याय आहे, म्हणजे आजाराचा विचार शिक्षेच्या टप्प्यावर करता येतो.

फाशीची शिक्षा सुनावल्यावर मन बिघडलं तर? 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालाने मानसिक आजार हे फाशी कमी करण्याचं कारण मानलं. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याचं प्रकरण आलं. न्यायालयाने त्याचं नावही निकालात छापलं नाही, 'आरोपी एक्स' म्हटलं. गुन्हा अतिशय क्रूर होता, त्याबद्दल कोर्टाला शंका नव्हती. पण तुरुंगात जडलेला गंभीर आजार इतका होता की फाशी रद्द करून आयुष्यभराची कैद दिली गेली आणि उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. हा वेडाचा बचाव नव्हे. गुन्ह्याच्या वेळी तो शुद्धीत होता असंच धरलं गेलं. प्रश्न फक्त आता त्याला फासावर चढवावं का, एवढाच होता.

सगळ्यात मोठी मेख मात्र गुन्हा घडायच्या आधीची आहे. 1894 च्या तुरुंग कायद्यातसुद्धा लिहून ठेवलं होतं की कैद्याच्या मनावर तुरुंगाच्या शिस्तीचा वाईट परिणाम होतोय असं वाटलं तर डॉक्टरने अधीक्षकाला लेखी कळवावं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 103 त्याच्या पुढे जातं. मानसिक आजार असलेल्या कैद्याला तुरुंगाच्या मानसोपचार कक्षात किंवा बाहेरच्या रुग्णालयात हलवायचं, आणि दर तीन महिन्यांनी तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला प्रमाणित करून कळवायचं की तुरुंगात असा एकही कैदी नाही. यातली गोम अशी की 'एकही नाही' हे लिहायला एकदम सोपं आहे. आपल्या कैद्याच्या तीन आठवड्यांत असा अहवाल गेला असेल तर खटल्यात तो दोन्ही बाजूंनी कापतो: सरकारी वकील म्हणेल, पाहा, तो शहाणा होता, बचावाचा वकील डॉक्टरला उलटतपासणीत विचारेल, तुम्ही त्याला त्या तिमाहीत कधी तपासलंत, तारीख दाखवा.

ज्यांचा माणूस आत आहे आणि वागणं बिघडलेलं दिसतंय, त्यांनी मुलाखतीला जाताना जुने केसपेपर आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. भगताकडे नेलं होतं तर तेही सांगावं, लाजू नये. कधीपासून बिघडलं याचा तो पुरावा आहे. साध्या कागदावर, 'माझ्या मुलाला झोप लागत नाही, जेवणात विष आहे म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी' एवढं लिहून अर्ज अधीक्षकांच्या नावाने द्यावा. ताब्यात असलेल्या कुणालाही वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लोकअभिरक्षक कार्यालय विचारावं आणि अर्जाची एक प्रत त्या वकिलाकडे द्यावी. दुसऱ्या प्रतीवर तुरुंगाचा आवक शिक्का मारून घेऊन ती घरी ठेवावी. त्या शिक्क्याची तारीख घटनेच्या आधीची असेल, तर हे सगळं नंतर रचलंय असं कुणाला म्हणता येत नाही.